फोटोतला उजवा कोपरा

फोटो हातात आला, की साईं आधी त्याच्या मधोमध आपला तळहात ठेवायचे. नवरा-नवरी, मांडीवरचं बाळ, खुर्चीत ताठ बसलेले आजोबा, सगळे त्या हाताखाली झाकले जायचे. मग साईं डोळ्याला भिंग लावून उरलेल्या चारही कडा सावकाश बघत बसायचे. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतोय. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

"मधी काय बघायचं, साईं?" ते म्हणायचे. "मधी माणूस असतोय. गाव कडंला असतंय."

ते सगळ्यांना साईं, म्हणजे त्यांच्या भाषेत साहेब, म्हणायचे. मालकांना साईं, मला साईं, चहा घेऊन येणाऱ्यालाही साईं. त्यामुळे आमच्या गल्लीनं त्यांनाच साईं करून टाकलं. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, पण ते मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं तुमच्या लक्षात येईल.

शाहूपुरीत आमचा फोटो स्टुडिओ होता. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथं रिटचिंग करायचो. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीनं आणि कागदी फोटोवर पात्यानं मी लोकांचे देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढून टाकायचो. लग्नाच्या मुलींचे फोटो तर माझ्याकडेच यायचे. माझ्या पेन्सिलीनं कितीजणींची लग्नं जमवली आणि नंतर त्यांच्या किती सासूबाईंनी मला शिव्या घातल्या, त्याची गणती नाही. कोल्हापुरात याच्याइतका हलका हात कुणाचा नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. गिऱ्हाइकं हसून सोडून द्यायची. मला मात्र ते खरं वाटायचं, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

फाळणीनंतरच्या वर्षी साईं आमच्याकडे आले. पन्नाशीच्या अलीकडचे असतील. अंगात मळका पायजमा-कुडता, डोक्याला काळी टोपी आणि काखेत बायकोच्या शालीत गुंडाळलेली एक लाकडी पेटी. मालक जुने पैलवान होते, आवाज तालमीतला.

"कुठलं पावणं?" त्यांनी विचारलं.

"हैदराबाद."

"निजामाचं?"

"नहीं साईं, सिंध का. हमारा हैदराबाद अलग."

मालकांना दुसरं हैदराबाद असू शकतं हेच पटेना. पण पेटी उघडली आणि त्यांचं सुपारी चघळणं थांबलं. आत लेन्स होती. पितळेची, जर्मन, काच अशी स्वच्छ की आपला डोळा त्यात आपल्यालाच घाबरून बघतोय असं वाटावं. मालकांनी ती उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली आणि परत शालीत ठेवली.

"उद्यापासनं या," ते म्हणाले.

साईंनी मराठी आमच्याकडून उचलली, म्हणजे ती कशी असणार ते सांगायला नको. एकदा कॉलेजचे एक प्रोफेसर कोट-टाय घालून फोटोला बसले होते. साईंनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि अत्यंत अदबीनं म्हणाले, "मुंडी हलवू नगासा साईं, ढिम्म बसा की." प्रोफेसर इतके दचकले की फोटोत त्यांचे दोन्ही डोळे वाटीएवढे आले. ते डोळे लहान करता करता माझी दुपार गेली.

साईं राहायला वळिवड्याच्या छावणीत होते. गावापासून सात-आठ किलोमीटरवर लांबच लांब बराकी होत्या. महायुद्धाच्या वर्षांत तिथं पोलंडचे निर्वासित राहून गेले होते. ते गेले आणि सिंधी आले. मी एकदा मालकांबरोबर रेशनकार्डांच्या फोटोंसाठी तिथं गेलो. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर खिळे होते आणि खिळ्यांखाली चौकोनी फिकट डाग. आधीच्या माणसांनी आपले देव आणि आपल्या माणसांचे फोटो काढून नेले होते, त्यांच्या जागा राहिल्या होत्या. आताच्या माणसांजवळ त्या खिळ्यांना अडकवायला काहीच नव्हतं. एका बाईनं तिथं चाळण अडकवली होती. आमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या तसबिरींनी भिंत दिसत नव्हती. माणसाच्या घरात एकही फोटो नसतो म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

काहीजणांनी मात्र ट्रंकेत, पुस्तकात, कपड्यांच्या घडीत एखाद-दुसरा फोटो आणला होता. साईंमुळे ते लोक आमच्याकडे यायला लागले. चिरलेला, ओला झालेला, कोपरा दुमडलेला फोटो घेऊन यायचे आणि मोठा करून मागायचे. साईं तो घ्यायचे, मध्ये हात ठेवायचे आणि कडा वाचायला लागायचे. "हा झरोका बघा," ते मला दाखवायचे. त्यांच्या गावी घरांच्या छपरांवर वारा धरून खाली सोडणारे झरोके असायचे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. "ही गल्ली वकिलांची. हितनं फुडं गेलं की विहीर. ह्या कट्ट्यावर एक आंधळा बसतोय." बसायचा नाही, बसतोय. गिऱ्हाईक आणि साईं दोघंही त्या बोटभर कडेत शिरून गावभर हिंडून यायचे. मी मात्र फोटोतल्या माणसाच्या नाकावरची चीर कशी बुजवायची याचा हिशोब करत असायचो.

आमच्या स्टुडिओत एक पडदा होता. रंकाळा, कमळं, काठावर संगमरवरी जिना. रंकाळ्याला असला जिना कुणी पाहिलेला नाही, पण कोल्हापूरकरांना तो फार आवडायचा. एक दिवस छावणीतलं एक म्हातारं जोडपं फोटो काढायला आलं. त्यांनी पडदा बघितला आणि उभेच राहिले. म्हातारा साईंशी सिंधीत काहीतरी बोलला. साईं मालकांकडे वळले.

"मालक, पडदा उलटा करू काय?"

"का? रंकाळ्यात काय वाईट हाय?"

"वाईट न्हाय साईं. पर त्येंचा न्हाय."

मालक लाल झाले. पण त्यांनी स्वतः उठून पडदा उलटा केला. मागच्या बाजूला नुसतं मळकट कापड, त्यावर रंग झिरपल्याचे डाग. त्यापुढं ते दोघं बसले. त्यांचा फोटो मी पुढं पाहिला. मागं काहीच नसलेली दोन माणसं. मी तोवर हजारो चेहरे साफ केले होते, पण त्या फोटोवर पेन्सिल टेकवायची माझी छाती झाली नाही. नंतर छावणीतली बरीच मंडळी उलट्या पडद्यापुढंच बसू लागली.

कडा वाचण्यामागचं कारण मला उशिरा कळलं. एका दुपारी आम्ही दोघं ओले फोटो चिमट्यांनी दोरीवर लावत होतो. मी सहज विचारलं, "साईं, तुम्हाला पोरंबाळं?"

"एक पोरगी," ते म्हणाले. "सहा वर्षांची."

"छावणीत दिसली न्हाय कधी."

हातातला फोटो त्यांनी नीट दोरीवर लावला, मग सांगितलं. कराचीच्या बंदरावर बोटीत चढताना गर्दी उसळली. त्यांच्या एका हातात लेन्सची पेटी होती. बायकोच्या डोक्यावर ट्रंक होती. पोरगी दोघांच्या मध्ये होती. त्यांना वाटलं, ती आईच्या पदराला धरून आहे. आईला वाटलं, बापाच्या. बोट हलल्यावर दोघांनी एकमेकांना विचारलं.

मी पुढचा ओला फोटो उचलून दोरीवर लावला. ते माझ्याकडे बघत होते आणि मी दोरीकडे.

त्यांनी कुठं कुठं पत्रं घातली होती. कुणी विचारायचं, फोटो आहे का? फोटो नव्हता. गावात त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता. कपाटं भरून निगेटिव्हच्या काचा होत्या, निम्म्या गावाची लग्नं त्यात होती. पोरीचे फोटोही होते, घराच्या भिंतीवर. त्यांनी ते आणले नाहीत, कारण दोन महिन्यांत परत जायचंच होतं. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारी दिली. पोटापाण्यासाठी लेन्स तेवढी बरोबर घेतली.

"पर मी लग्नाला फोटो काढाय गेलतो की ती मागनं यायची," ते म्हणाले. "सगळ्या लग्नांत. कुठं ना कुठं कडंला असंल की, साईं. एखाद्या फोटोत घावंलच."

म्हणजे एवढ्यासाठी हे चाललं होतं. स्वतःच काढलेले फोटो, जे आता चहूकडे पांगले होते, त्यांतला एखादा फिरून समोर येईल आणि त्याच्या कडेला आपली पोर उभी असेल, या आशेवर हा माणूस रोज भिंग घेऊन बसत होता. आणि मी त्यांना सरकलेला म्हणत होतो.

घाई त्यांना वेगळ्याच गोष्टीची होती. नवरा-बायकोचं पोरीच्या चेहऱ्यावरून पटेनासं झालं होतं. गालावर तीळ होता, एवढं दोघांना आठवत होतं. साईं म्हणायचे डाव्या, बायको म्हणायची उजव्या. या एका तिळावरून दोघं दोन-दोन दिवस बोलायची नाहीत.

"चूक माझीच असंल," ते एकदा म्हणाले. "मी तिला लई येळा काचंवर बघितलंय." तुम्ही जुना कॅमेरा पाहिला असेल तर तुम्हाला माहीत असेल, मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर, आणि डावं ते उजवं. "आता डोळं मिटलं की ती उलटीच दिसतीया, साईं. सरळ करायची म्हंजे कुठल्या बाजूनं करायची, कळंना झालंय."

एकदा त्यांना वाटलं, सापडली. कुणाच्या तरी मुंजीचा फोटो होता, खांबाआड एक पोरगी अर्धी दिसत होती. त्यांनी तेवढाच भाग मोठा केला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी आले ते खाली मान घालून. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, हिच्या कानात बाळ्या आहेत, आपलीचे कान टोचायचे राहिले होते. तिनं त्या दिवसापासून अन्न सोडलं होतं. दोन दिवसांनी मालकांच्या बायकोनं डबा पाठवला, तेव्हा कुठं जेवली.

त्यानंतर त्यांनी मला ताकीद दिली. "छावणीचा फोटो आला आणि मी नसलो, तर ठेवून द्यायचा. मी बघितल्याबिगर हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावत की," मी म्हणालो.

पुढच्या थंडीत बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायला ते तिला घेऊन मिरजेला गेले. आठवडाभर लागणार होता. तिसऱ्या दिवशी छावणीत नव्यानंच राहायला आलेले एक गृहस्थ आले. त्यांनी तिथं नुकतंच कापडाचं दुकान टाकलं होतं. मुलाचं लग्न सहा दिवसांवर आलं होतं आणि मांडवात लावायला त्यांना एक फोटो मोठा करून हवा होता. थोरल्या मुलीच्या लग्नातला, सिंधमधला. तीस-चाळीस माणसं, विटांचं अंगण, मागं झरोके. पुठ्ठ्याच्या मागं त्यांच्या लिपीतला शिक्का होता. मला ती लिपी वाचता येत नव्हती. नक्षी असेल म्हणून मी पुठ्ठा पालथा घातला.

मी थांबायला हवं होतं. मालकही म्हणाले, "साईं येऊ दे की." पण गिऱ्हाइकाला घाई होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताला खाज होती. सिंधी लोकांचं काम साईंशिवाय होत नाही, असं गल्लीत बोललं जाऊ लागलं होतं. ते आल्यावर त्यांच्यापुढं तयार काम ठेवायचं आणि त्यांच्या तोंडून शाबासकी घ्यायची, एवढाच माझा विचार होता.

फोटो सुंदर होता. एकच खोट होती. उजव्या कोपऱ्यात, अंगणातल्या विटांवर, अंगठ्याएवढा करडा फराटा होता. ओला हात फिरावा तसा, खालून जाड आणि वर विरत गेलेला. मी भिंग लावून पाहिलं, त्यात काही नव्हतं. चेहरा नाही, हात नाही, काही नाही. आमच्या धंद्यात हलल्याचा डाग म्हणजे डागच. तो कशाचा आहे हे कुणी विचारत नाही, तो काढायचा असतो. लढाईनंतर काचा मिळायची मारामार होती, त्यामुळे कॉपीची निगेटिव्ह घ्यायच्या आधी मूळ फोटोच साफ करून घ्यायचा आणि एकाच काचेत काम भागवायचं, अशी आमची पद्धत होती. मी पातं घेतलं. तासभर इतक्या हलक्या हातानं खरवडलं की खालचा कागद कुठं फाटला नाही. पांढरा डाग उरला. मग कॉपी घेतली, मोठा फोटो काढला आणि त्या जागी ब्रशनं एक-एक वीट रंगवली. शेजारच्या विटा कुठं संपतात आणि माझ्या कुठं सुरू होतात, हे मालकांनाही ओळखता येईना.

साईं आठव्या दिवशी आले. नेमके त्याच वेळी ते कापडवाले गृहस्थ फोटो न्यायला आलेले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि मिठीच मारली. दोघंही एका गावचे, जुन्या ओळखीचे निघाले. मी मोठा फोटो टेबलावर उभा केला. साईंनी तो पाहिला आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी घाईघाईनं मूळ फोटो उचलला, उलटा केला, त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. तो त्यांचा शिक्का होता. फोटो त्यांनीच काढलेला होता.

गृहस्थ हसत हसत सिंधीत काहीतरी सांगू लागले. त्यांना लग्नातली एखादी गंमत आठवली असावी. हात पुढं करून ते कुणीतरी पळाल्याची नक्कल करत होते. मला शब्द कळत नव्हता, तरी मीही हसत होतो. माझ्या विटांचंच कौतुक चाललंय, असं मी धरून चाललो होतो. मग ते फोटोतल्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवायला वाकले आणि तिथंच थांबले. त्यांनी मोठा फोटो पाहिला. मूळ फोटो पाहिला. त्यांचं हसू गेलं.

साईं माझ्याकडे वळले.

"साईं, हितं काय हुतं?"

"डाग हुता," मी म्हणालो. "हलल्यागत."

"कसला?"

"करडा. खाली जाड, वर पातळ. चेहरा न्हवता साईं, मी भिंगानं बघितलं. काय सुदीक न्हवतं."

त्यांनी मान हलवली. मग मला समजावं म्हणून सावकाश, एक-एक शब्द ठेवत त्यांनी सांगितलं. मंडळी बसली होती. त्यांनी लेन्सचं झाकण काढलं. सगळे दगडासारखे स्थिर होते. तेवढ्यात त्यांची पोर पायरीवरनं उठली आणि बाप दिसला म्हणून सरळ कॅमेऱ्याकडे पळत सुटली. लोक ओरडले. त्यांनीच म्हटलं, पळू द्या, दुसरा फोटो काढत नाही.

"दुसरं कुणी कॅमेऱ्याकडं पळंल काय, साईं?" ते म्हणाले. "सगळी गप बसत्यात. पळणार ती एकच."

सापडली होती. माझ्याच टेबलावर होती. तिच्या बापानं चहूकडे जी शोधली ती माझ्या भिंगाखाली आली होती, आणि मी तिला तासभर बसून, शाबासकी मिळावी म्हणून, हलक्या हातानं खरवडून काढली होती.

मालक ताडकन उठले. "अरं लेका, हात हाय का कोयता? सांगितलंतं न्हवं तुला?" त्यांनी माझ्यावर हात उगारला. तो पडला असता तर बरं झालं असतं. साईंनी मध्ये येऊन त्यांचं मनगट धरलं. पैलवानाचं मनगट, पण ते थांबलं.

मग साईं माझ्या टेबलाशी गेले. टेबलाच्या खाचेत खरवडलेली भुकटी साठत असे. आठवडाभरातल्या कितीतरी लोकांचे तीळ, व्रण, डाग तिथं एकत्र होते. त्यांनी ती बोटावर घेतली, उजेडात पाहिली आणि परत खाचेत झटकली. वेगळं काय काढणार त्यातून? परत येऊन ते त्या मोठ्या फोटोपुढं उभे राहिले.

"विटा बरोबर काढल्यासा," ते म्हणाले. "आमच्या विटा अशाच असत्यात."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना तो मारता यायचा नाही. त्यांनी माझं काम पाहिलं आणि जे होतं ते सांगितलं. ज्या शाबासकीसाठी मी हे केलं होतं ती मला मिळाली, आणि तेव्हापासून माझ्या कामाची कुणी तारीफ केली की मला उठून बाहेर जावंसं वाटतं.

कापडवाल्या गृहस्थांनी मूळ फोटो साईंना देऊन टाकला. म्हणाले, मला मोठा पुरे. साईंनी तो शालीत गुंडाळून नेला. त्यानंतर ते वर्षभर आमच्याकडे होते. मला अंधाऱ्या खोलीतलं सगळं काम त्यांनी शिकवलं, कधी आवाज चढवला नाही, त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त छावणीतलं कुणी आलं की जुना फोटो आहे का, असं विचारायचं त्यांनी सोडून दिलं. मी रोज वाट बघायचो, आज विचारतील. त्यांनी विचारलं नाही.

मग छावणीतच त्यांनी स्वतःचा लहानसा स्टुडिओ टाकला. मला दोन-तीनदा घरी बोलावलं. मी गेलो नाही. त्यांच्या बायकोपुढं कोणत्या तोंडानं उभा राहणार होतो? तिला तर सगळं समजलं असणार. रस्त्यात साईं दिसले तर मी हात जोडायचो आणि कामाचं निमित्त सांगून निघून जायचो. अशी चार-पाच वर्षं गेली.

साईं वारले ते आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. छाती दुखायला लागली आणि तासाभरात गेले. मालक म्हणाले, "चल." मालकांबरोबर जाणं मला टाळता येईना.

छावणीचं आता गाव झालं होतं. बराकीला त्यांनी पुढं पडवी काढली होती. आत बरीच मंडळी सतरंजीवर बसलेली. साईंच्या फोटोला हार घातला होता. मालकांनी साईंच्या बायकोशी, काकींशी, माझी ओळख करून दिली आणि मी मान वर न करता हात जोडले. आता काय ऐकावं लागतंय, या धसक्यानं मी दाराजवळच बसलो.

"तुम्ही पेन्सिलवाले," काकी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता. "ते लई सांगायचे तुमचं. तुमच्यासारखा हात न्हाय म्हणायचे."

मला वाटलं, आता पुढचं येईल. पण त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि वीतभर लांबीची एक फ्रेम घेऊन आल्या. तिला हार नव्हता. त्यांनी ती पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"तुम्हाला फोटोतलं कळतंय," त्या म्हणाल्या. "हे बघा. आमची पोरगी."

साईंनी तो उजवा कोपरा तेवढाच मोठा केला होता. चार विटा, कुणाच्या तरी घागऱ्याचा काठ, आणि मधोमध मी खरवडलेली पांढरी जागा. मी ती फ्रेम हातात धरून बसलो आणि मला समजेना की हे काय चाललंय. या बाईंना काहीच माहीत नव्हतं. साईंनी त्यांना माझ्या पात्याबद्दल सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी हे एकट्यानं पोटात ठेवलं होतं.

"ती बापाकडं पळाली," काकी सांगत होत्या. "ते म्हणायचे, इतकी जोरात पळाली की कॅमेऱ्याला नुसता उजेड घावला. म्हणून अशी आलीया. मग तिळावरनं आमचं भांडण राहिलं न्हाय. हिच्यात तीळ कुठं दिसणार? दोघं बसून बघायचो."

मालक शेजारी होते. त्यांनी फ्रेम पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तो तालमीतला माणूस धोतराचा सोगा डोळ्यांना लावून बाहेर निघून गेला.

काकी माझ्याजवळ सरकल्या. काचेवर बोट ठेवून त्यांनी मला वरचा भाग दाखवला. तिथं पांढऱ्यावर बारीक बारीक रेघा होत्या, सगळ्या एका दिशेला. माझ्या पात्याचे ओरखडे. पातं मी नेहमी डावीकडून उजवीकडे ओढायचो.

"केस बघा," काकी म्हणाल्या. "कसं उडायल्यात. दिसत्यात न्हवं तुम्हाला?"

मी फ्रेम उजेडाकडे कलती केली. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"व्हय, काकी," मी म्हणालो. "दिसत्यात की."